सिकंदराबादचा मुष्टियोद्धा

हैदराबाद शहराच्या उत्तरेस, हुसेनसागराच्या पलीकडे इंग्रजांनी जी छावणी वसविली, तिला १८०६ साली निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. गोऱ्या पलटणींबरोबर आपल्याकडे जे खेळ आले त्यांपैकी क्रिकेट शहरात शिरले, फुटबॉल गल्लीत पोचला; मुष्टियुद्ध मात्र बव्हंशी छावणीतच राहिले. ज्या मुलखात तालमीच्या तांबड्या मातीवर माणसे जीव टाकीत, तेथे हातमोजे घालून ठोसे मारण्याचे कौतुक कोणाला असावयाचे? परंतु लष्करात त्याला मान होता. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पदम बहादूर मल्ल यांनी सुवर्णपदक मिळविले, १९६६ आणि १९७० साली बँकॉक येथे हवासिंग यांनी ते पटकाविले. दोघेही लष्करातील जवान. मुष्टियोद्ध्याने पलटणीत असावे आणि तेथूनच पुढे जावे, ही त्या काळची रूढ वाट होती.

या वाटेवर सिकंदराबादेहून निघालेला एक मराठी तरुण म्हणजे मुरलीकांत राजाराम पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर हे त्यांचे गाव. शेजारच्या कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणलेले. त्या परिसरातल्या पोराच्या अंगात कुस्ती असणे ओघानेच आले. पेटकर पोरवयातच लष्करात गेले. विद्युत व यांत्रिक अभियंता दलात, म्हणजे लष्कराच्या तोफा, गाड्या व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, ते कारागीर या हुद्द्यावर लागले. या दलाचे केंद्र सिकंदराबादेस आहे. तेथे त्यांनी हातमोजे चढविले आणि १९६४ साली टोकियो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत भारतातर्फे उतरण्याइतकी मजल मारली.

उमेदीत चमकलेला मुष्टियोद्धा लवकर मावळणे ही या खेळातील नित्याची गोष्ट आहे. खाली पडलेल्याला पंच दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावयाची मुदत देतात. कोवळ्या वयात दोन-चार वेळा ते दहा आकडे पुरे झाले, की हात पूर्वीसारखा सुटत नाही. पेटकरांच्या वाट्याला आलेला प्रहार रिंगणातला नव्हता. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. नऊ गोळ्या लागल्याचे सांगतात. एक पाठीच्या कण्यात रुतली ती तेथेच राहिली. कित्येक महिने ते बेशुद्धावस्थेत होते. कमरेखालचे अंग निकामी झाले. वयाची एकविशीही तेव्हा उलटलेली नव्हती.

अशा रोग्याचे पुढे काय होते, हे जरा पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेला सैनिक दोन-तीन वर्षांत पाठीवरच्या क्षतांनी किंवा मूत्रमार्गाच्या दोषाने मरावयाचा, असे डॉक्टर धरून चालत. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेल्या लुडविग गुटमान या डॉक्टरने १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे हे गृहीतच मोडीत काढले. रोग्याला कुशीवर वळवीत राहावयाचे, स्वच्छ ठेवावयाचे आणि खेळावयास लावावयाचे, ही त्याची चिकित्सा. १९४८ साली त्याने १६ अपंग सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ ते.

मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात पेटकरांना पाण्यात उतरविले तेही उपचार म्हणूनच. पाणी शरीराचा भार झेलते. जमिनीवर जे पाय ओझे होतात ते पाण्यात मागे तरंगत येतात, आणि सगळे काम खांद्यांवर व दंडांवर पडते. मुष्टियोद्ध्याजवळ तेवढेच शिल्लक होते, आणि ते सिकंदराबादेस उत्तम घडलेले होते. १९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले व पहिली फेरी जिंकले. त्या स्पर्धेत भारत प्रथमच उतरला होता. पुढे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने प्रवासाची तजवीज केली आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये पेटकर जर्मनीत हायडेलबर्गला पोचले.

हायडेलबर्गच का, याचे कारण काहीसे खेदजनक आहे. ऑलिम्पिक म्युनिकला होते. परंतु तेथील खेळाडूंची घरे स्पर्धेनंतर लागलीच खाजगी सदनिका म्हणून द्यावयाची ठरलेली असल्यामुळे अपंगांची स्पर्धा अन्यत्र न्यावी लागली. ती म्युनिकच्या आधी काही दिवस उरकली. त्यात पन्नास मीटरचे मुक्त पोहणे पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत पूर्ण केले. जागतिक विक्रम झाला, सुवर्णपदक मिळाले. भालाफेक, नेमबद्ध भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या तिन्हींतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. भारतीयाने वैयक्तिक सुवर्णपदक मिळविल्याचा गाजावाजा झाला तो २००८ साली, अभिनव बिंद्रा यांच्या वेळी. हायडेलबर्गचे पदक तेव्हा छत्तीस वर्षांचे झाले होते.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पेटकरांनी पुण्यास टेल्कोत नोकरी केली. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अपंगांचा खेळ हा खेळांत धरावा की शुश्रूषेत, याचा निर्णय सरकारदरबारी दीर्घकाळ झाला नव्हता असे दिसते. २०१८ साली पद्मश्री आली. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि नाव घरोघरी गेले. ज्या पुरस्काराचा अर्ज फेटाळला होता तो, जीवनगौरव म्हणून, १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना देण्यात आला. अर्ज केल्याला तेव्हा त्रेचाळीसावे वर्ष लागले होते.