पेटी, पाय आणि बाख

गेल्या दिवाळीत खामगावला गेलो होतो. गुरुवारच्या भजनाला मामा पेटीवर असतात. मंडळातला बासरीवाला आता नाही, म्हणून त्याचे तुकडेही मामाच वाजवतात. मी म्हटलं, "मामा, बासरीची मजा येत नाही."

"अरे बापा, डावा हात भात्यावर. राह्यला एक. त्यानं कितीकाचं काम करू?"

पुण्याला परतलो तरी हा प्रश्न डोक्यातून जाईना. आणि मग एका शनिवारी बाख सापडला.

६ जून १७२३. लाइपझिगच्या नव्या नोकरीत बाखचा दुसराच रविवार. त्या दिवशीच्या त्याच्या कॅन्टाटात दुसरा भाग सुरू होतो तो तीन सुरावटींच्या एका छोट्या तुकड्याने. एक ओबो दामोरेची, म्हणजे सनईच्या कुळातल्या मऊ आवाजाच्या वाद्याची. दुसरी व्हायोला दा गांबाची, जी सारंगीसारखी उभी धरून गजाने वाजवतात. आणि खाली खर्जाची साथ. साधारण १७३० मध्ये बाखने हाच तुकडा एकट्या पाइप ऑर्गनवादकासाठी मांडला. ई मायनरमधल्या चौथ्या ट्रायो सोनाटाचा तो पहिला भाग.

ओबो उजव्या हाताला, गांबा डाव्या हाताला, खर्ज पायांना! आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनमध्ये पाय हवा भरतात. पाइप ऑर्गनला बाखच्या काळी भाते मारायला वेगळी माणसं असत, त्यामुळे वादकाचे पाय मोकळे, आणि पायांखाली सुरांची अख्खी पट्टी. हातांनाही दोन वेगळे कीबोर्ड, कारण एकाच कीबोर्डवर दोन सुरावटी एकमेकींना ओलांडताना बोटं एकाच पट्टीवर आदळतील.

अर्थात फुकटात काही मिळत नाही. खर्जाच्या वर भरणीचे सूर धरणारा साथीदार इथे गेला. ओबोवाला फुंकरीने एकच सूर फुलवतो, ऑर्गनवर तो बोटाने फुलत नाही. पण उरलेल्या तीन सुरावटी अगदी स्वच्छ ऐकू येतात. बाखचा चरित्रकार फोर्केल १८०२ मध्ये लिहितो की हे सोनाटा बाखने थोरल्या मुलाच्या, फ्रीडेमानच्या तयारीसाठी रचले. म्हणजे काटछाट करून केलेली ही नुसती नक्कल नव्हे, मुलाला घडवणारं नवं काम होतं.

हे सगळं मी मामांना फोनवर उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाखले भाता माराले मानसं होती ना. मले कोन हाय?"

बासरीवाला काही परत येणार नाही. पण पुढच्या गुरुवारचं तिकीट काढलंय. पेटीसमोर बसून भाता मी मारणार, मामांचे दोन्ही हात मोकळे!