धावलेल्या किलोमीटरचा हिशेब आणि प्राप्तिकर: स्वयंरोजगारित वाहनचालकांसाठी नियम काय आहेत?

बेंगळुरू : शहराच्या मध्यवर्ती भागातून देवनहळ्ळी येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. प्रवाशाला सोडल्यावर परतीचे भाडे मिळाले नाही, तर तितकेच अंतर टॅक्सीला रिकामे कापावे लागते. भाड्याची आकारणी केवळ प्रवासी गाडीत असतानाच्या अंतरावर होते. इंधन, टायर आणि इंजिनाची झीज मात्र दोन्ही वेळा सारखीच होते. या रिकाम्या फेऱ्यांचा खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात कसा धरायचा, हा प्रश्न बेंगळुरूप्रमाणेच मुंबई, पुणे आणि नागपूर येथील चालकांपुढेही असतो. प्राप्तिकर हा केंद्रीय कर असल्याने त्याचे नियम सर्वत्र सारखेच आहेत.

ॲप कंपन्यांशी जोडलेला किंवा स्वतंत्रपणे टॅक्सी चालवणारा चालक कोणाचा पगारदार कर्मचारी नसतो. त्यामुळे त्याची कमाई 'व्यवसायाचा नफा' या सदरात मोडते. पगारदारांना नव्या करप्रणालीत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट त्याला मिळत नाही. त्याऐवजी व्यवसायासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करण्याचा हक्क त्याला आहे.

प्रतिकिलोमीटर ठरावीक दर नाही

अमेरिकेत स्वयंरोजगारित व्यक्तीला व्यवसायासाठी कापलेल्या अंतरावर ठरावीक दराने वजावट घेता येते. २०२५ या वर्षासाठी हा दर प्रतिमैल ७० सेंट होता. भारतात स्वयंरोजगारित चालकांसाठी असा दर नाही. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२४ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत किंमत असलेल्या टॅक्सींसाठी पहिल्या चार किलोमीटरला १०० रुपये आणि पुढे प्रतिकिलोमीटर २४ रुपये भाडे निश्चित केले. मात्र हा प्रवाशाकडून घ्यावयाच्या भाड्याचा दर आहे. करवजावटीशी त्याचा संबंध नाही.

भारतात चालकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला प्रत्यक्ष खर्च दाखवण्याचा, तर दुसरा अनुमानित उत्पन्नाचा. पुढील कलमे प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील असून आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

प्रत्यक्ष खर्चाचा मार्ग

या मार्गात इंधन, दुरुस्ती, टायर, विमा हप्ता, परवाना शुल्क, पथकर, वाहनकर्जावरील व्याज आणि ॲप कंपनीचे कमिशन किंवा दैनंदिन शुल्क वजा करता येते. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल मात्र वजा होत नाही. गाडी भाड्याने घेतली असल्यास मालकाला दिलेले भाडे खर्चात धरता येते. घसारा मात्र मालकालाच मिळतो.

भाड्याने चालवल्या जाणाऱ्या टॅक्सीवर घसाऱ्याचा दर ३० टक्के आहे, तर अन्य व्यवसायांतील मोटारींवर सर्वसाधारणपणे तो १५ टक्के असतो. खरेदीच्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असल्यास निम्माच घसारा मिळतो. एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजार रुपयांहून अधिक रोख रक्कम दिल्यास तो खर्च सामान्यतः अमान्य होतो. मोठ्या दुरुस्तीचे पैसे देताना ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

किलोमीटरचे महत्त्व येथे दिसते. कलम ३८ नुसार वाहनाचा वापर अंशतः खासगी असेल, तर खर्च आणि घसारा यांचा तेवढा हिस्सा वगळावा लागतो. विमानतळावरून प्रवाशाविना परतणे हा व्यवसायाचाच भाग आहे. कुटुंबाला गावी नेणे नाही. ॲपवरील नोंदीत प्रामुख्याने प्रवाशासह कापलेले अंतर दिसते, तर ओडोमीटरवर सर्वच अंतर नोंदले जाते. दोहोंमधील फरक व्यवसायाचा किती आणि खासगी किती, हे दाखवण्यासाठी रोजची नोंदवही उपयोगी पडते. तारीख, ओडोमीटरचा आरंभीचा व अखेरचा आकडा आणि खासगी फेऱ्या एवढी नोंद पुरेशी ठरते.

एक काल्पनिक उदाहरण

एका चालकाची वार्षिक जमा १२ लाख रुपये असून ती सर्व डिजिटल मार्गाने झाली, असे मानू. आठ लाखांच्या गाडीवरील पहिल्या वर्षाचा पूर्ण घसारा २ लाख ४० हजार रुपये होतो. इंधन २ लाख ७० हजार, व्याज ६० हजार, विमा ४५ हजार, दुरुस्ती व टायर ७० हजार आणि परवाना आदी १५ हजार धरल्यास वाहनाचा एकूण खर्च सात लाख रुपये होतो. वर्षातील ६०,००० किलोमीटरपैकी ६,००० खासगी असतील, तर दहा टक्के, म्हणजे ७० हजार रुपये वगळावे लागतात. उरलेल्या ६ लाख ३० हजारांत कमिशनचे दीड लाख मिळवल्यास वजावट ७ लाख ८० हजार आणि उत्पन्न ४ लाख २० हजार रुपये ठरते.

घसारा शिल्लक किमतीवर मोजला जातो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी, खासगी वापराची कपात धरण्यापूर्वी, तो १ लाख ६८ हजारांवर येतो. अंतर आणि जमा तेवढीच राहिली, तरी कागदावरील नफा वाढतो.

अनुमानित उत्पन्नाचा मार्ग

कलम ४४एडी नुसार डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के आणि रोख जमेच्या किमान ८ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. उलाढालीची मर्यादा दोन कोटी रुपये असून रोख जमा पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ती तीन कोटी आहे. वरील चालकाचे किमान उत्पन्न ७२ हजार रुपये ठरेल. हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नसते; मात्र इंधन किंवा घसाऱ्याची वेगळी वजावट मिळत नाही. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो दाखवणे अपेक्षित आहे. या मार्गातून पाच वर्षांच्या आत बाहेर पडल्यास पुढील पाच वर्षे तो पुन्हा निवडता येत नाही, शिवाय करपात्र मर्यादेहून अधिक उत्पन्न असल्यास लेखापरीक्षणही करावे लागते.

मालवाहू वाहनांसाठी कलम ४४एई ही वेगळी तरतूद आहे. दहापर्यंत वाहने असलेल्या मालकाला १२ टनांपर्यंतच्या प्रत्येक वाहनामागे दरमहा ७,५०० रुपये, तर त्याहून जड वाहनामागे प्रतिटन दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरता येते. येथे किलोमीटरचा प्रश्नच उरत नाही.

कर शून्य असला तरी

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. वरील चालकाला दोन्ही मार्गांनी कर भरावा लागणार नाही. तरीही निवड गौण नाही. ॲप कंपनीने ०.१ टक्का दराने कापलेला उद्गम कर, या उदाहरणात १,२०० रुपये, विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. ही कपात एकूण भाड्यावर होत असल्याने बँकेत आलेली रक्कम आणि विभागाकडील नोंद यांत तफावत दिसू शकते. म्हणून जमा एकूण भाड्याची दाखवून कमिशन खर्चात धरणे सुरक्षित ठरते.

दुसरा मुद्दा कर्जाचा आहे. नव्या गाडीसाठी किंवा घरासाठी अर्ज करताना विवरणपत्रातील उत्पन्न पाहिले जाते. ७२ हजार रुपये दाखवणारा आणि ४ लाख २० हजार दाखवणारा चालक प्रत्यक्षात तेवढेच कमावत असले, तरी त्यांची पत सारखी ठरत नाही. शिवाय एखाद्या वर्षी तोटा झाल्यास तो पुढील वर्षांत वजा करण्यासाठी हिशेबवह्या आणि मुदतीत भरलेले विवरणपत्र, दोन्ही आवश्यक असतात.