जित्याचे नकटे रिव्हॉल्व्हर

आजचा विषय वाचून एकदोघांनी विचारले, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचे रिव्हॉल्व्हरशी काय काम?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही, झाडायची हौसही नाही. पण सत्तरी उलटल्यावर एका आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने आम्हाला घरचा इतिहास कसा वाचावा हे नव्याने शिकवले. ती हकीकत आज सांगतो.

जिते हे आमचे आजोळ. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर आपटा गेले की जिते, मग हमरापूर, मग पेण. आजोळच्या घराची कौले उतरवून स्लॅब टाकायचे ठरले, तेव्हा माळ्यावरचा पेटारा खाली आला. पेटाऱ्यात पत्र्याचा डबा, डब्यात मेणकापड, मेणकापडात जुन्या धोतराचे तेलकट फडके आणि फडक्यात हे. मामेभावाचा मुलगा ओरडलाच, "काका, पणजोबांचं पिस्तूल!"

पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्व्हर. गोळ्यांचे चक्र फिरते म्हणून ते नाव. आम्ही आधी सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले. भरलेले आहे की रिकामे, हे आपण ठरवायचे नसते. ठाण्यात फोन केला. माणसे आली, चक्र तपासले, रिकामे निघाले. पंचनाम्याचे कागद तयार होईपर्यंत ओटीवर वर्तमानपत्र पसरून ते ठेवले होते. ती एक दुपार आम्हाला मिळाली आणि खोटे कशाला बोला, आम्ही ते डोळे भरून पाहिले.

काय देखणे होते म्हणून सांगू! नळी जेमतेम अडीच इंच. आपल्याकडे बसक्या नाकाला नकटे म्हणतात, तसे नकटेच. पाच गोळ्यांचे चक्र, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली अक्रोडी लाकडाची मूठ, मुठीवर बारीक चौकड्या. अंगावर निकेलचा मुलामा, कोपऱ्यांवर थोडा उडालेला, बाकी लखलखीत. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत लोखंडाचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. हे वाचले ते निकेलमुळे आणि फडक्यातल्या तेलामुळे. चामड्याच्या म्यानात ठेवले असते तर चामड्याने ओल धरून ठेवली असती आणि गंज चढला असता.

माथ्यावर इंग्रजीत कोरले होते, 'ब्रिटिश बुलडॉग'. बर्मिंगहॅमच्या वेब्लीने हा आखूड नमुना १८७२ मध्ये बाजारात आणला. कोटाच्या खिशात मावावा, टेबलापलीकडच्या माणसावर चालावा, एवढाच त्याचा हेतू. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या अशाच बुलडॉगमधून. दसऱ्याला आपण तलवार पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो, कारण ती चारचौघांत मिरवायची वस्तू. हे मात्र जन्मापासून लपवायचे शस्त्र.

आता गंमत बघा. घरात तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. एक, रिव्हॉल्व्हर अस्सल विलायती. दोन, पणजोबा क्रांतिकारकांना सामील होते. तीन, हे हत्यार त्यांनी इंग्रजांवर चालवले.

पहिली गोष्ट चक्रानेच खोडली. चक्रावर लंबगोल शिक्का होता. त्यात ई, एल, जी ही अक्षरे आणि खाली तारा. हा बेल्जियममधल्या लिएजच्या परीक्षणगृहाचा शिक्का. बर्मिंगहॅमचा माल असता तर राजदंड आणि मुकुट दिसले असते. वेब्लीच्या बुलडॉगच्या नकला लिएजमध्ये ढिगाने होत. लिएजच्या त्या शिक्क्यावर १८९३ पासून मुकुट येऊ लागला. आमच्यावर मुकुट नव्हता, म्हणजे हे त्याआधीचे. नाव ब्रिटिश, जन्म बेल्जियमचा. भाचा थोडा हिरमुसला, आम्हाला मात्र ते जास्तच आवडले.

तिसरी गोष्ट नळीने खोडली. त्या काळच्या काडतुसांत काळी दारू असे. तिची राख हवेतले पाणी ओढते. झाडल्यावर त्याच दिवशी नळी धुतली नाही तर आत खड्डे पडतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर आठवडाही लागत नाही. आमच्या नळीतले आटे आरशासारखे स्वच्छ होते. म्हणजे ते एक तर झाडलेच नाही, नाही तर क्वचित झाडून लगेच धुतले.

राहिली दुसरी गोष्ट, आणि तीच जिव्हारी लागणारी. डब्याच्या तळाशी घडी केलेला कागद होता. शस्त्राचा परवाना, स्वसंरक्षणासाठी, पणजोबांच्या नावाचा. मागे नूतनीकरणाच्या नोंदी. त्यांत १९३० सालची नोंदही होती.

या नोंदीचा अर्थ कळायला जरा मागे जावे लागेल. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचे नाही, आणि परवाना सरकारच्या मर्जीतल्यांना. त्याच्या दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले. त्यांचे शिरढोण जित्याहून पनवेलच्या वाटेवर, कर्नाळ्याच्या पलीकडे. फडके १८८३ मध्ये एडनच्या कैदेत वारले. आणि १९३० साली, २५ सप्टेंबरला, शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नाग्या कातकऱ्यासह आठ जण हुतात्मा झाले. त्याच साली सरकारने आमच्या पणजोबांना सांगितले, तुमचे रिव्हॉल्व्हर तुमच्यापाशी राहू द्या. ज्याच्यावर संशय असतो त्याला असे कोणी सांगत नाही.

आम्ही हे घरात बोललो. नव्वदीच्या मावशी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतोस रे?" भाच्याने तर गावात फोटोही दाखवले होते, 'क्रांतिकारकाचे शस्त्र' म्हणून. आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. अहो, आयुष्यभर विद्यार्थ्यांना सत्य आणि प्रमाण शिकवले, आणि स्वतःच्या आजोळात एक कागद पुन्हा घडी करून ठेवावासा वाटला!

सकाळी लक्षात आले की आपण पुरावा अर्धाच वाचला. परवाना सांगतो की पणजोबा सरकारच्या विश्वासातले होते. तो नाकारायचा नाही. पण स्वच्छ नळीची साक्ष तेवढीच खरी. जिने त्यांना क्रांतिकारक होऊ दिले नाही, तीच सांगते की आसपास गोळ्या चालत होत्या तेव्हाही या हत्याराचे फारसे काम पडले नसावे. ते वीर नव्हते, आणि क्रूर होते असे म्हणायलाही पुरावा नाही. घाबरून राहणारा, कागदपत्रे नीट ठेवणारा, पोरेबाळे असलेला माणूस. असे लाखो होते. त्यांच्यावर पोवाडे होत नाहीत, पण आपण बहुतेक त्यांचीच नातवंडे-पतवंडे आहोत. मावशींना हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "भित्रे होते खरे. रात्री दाराला दोन अडसर लावायचे."

रिव्हॉल्व्हरचे पुढे काय? १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. आमचे ठणठणीत. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ते आम्ही पिढ्या उलटल्यावर केले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, तसे अर्ज, जबाब, वारसांच्या सह्या झाल्या. शेवटी पावती हाती आली.

जमा करताना वाईट वाटले, ते नाकारत नाही. पण त्याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा जन्मले, आणि १९६० मध्ये चंबळच्या बागींनी आपल्या बंदुका त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी ठेवल्या त्या चाललेल्या बंदुका. आमची बहुधा न चाललेली, त्यामुळे आमच्याकडे त्यागाचा मोठेपणा काही नाही.

पत्र्याच्या डब्यात आता परवाना आणि पावती एकत्र आहेत. भाच्याने फोटोखालची ओळ बदलली आहे: 'आमच्या पणजोबांचे रिव्हॉल्व्हर, परवान्यासह'.