स्थिरचित्राचा पुरावा : निर्मितीकालीन छायाचित्रे, महोत्सव आणि चित्रपटाचा इतिहास

चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यासक ज्या साधनांवर विसंबून राहतो त्यांत स्थिरचित्रांचा वाटा मोठा आहे. परंतु साधन म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच झालेली दिसते. एखादी बखर हाती आली म्हणजे ती कोणी, कोणासाठी व केव्हा लिहिली हे आपण प्रथम विचारतो. चित्रपटाच्या छायाचित्रासंबंधी मात्र ही सावधगिरी आपण बाळगीत नाही. ते पाहताच आपण तो चित्रपटच पाहिला असे समजून चालतो. प्रस्तुत निबंधात या समजुतीची थोडी छाननी करावयाची आहे.

विषयाला निमित्त मिळते ते एका व्यावहारिक अडचणीतून. कोणत्याही महोत्सवाकडे लघुपट पाठवावयाचा म्हणजे प्रवेशिकेसोबत त्यातील दोन-तीन स्थिरचित्रे द्यावी लागतात. मोठ्या निर्मितिसंस्थेत त्यांसाठी स्वतंत्र छायाचित्रकार असतो. लघुपटाच्या तुटपुंज्या खर्चात त्याला जागा नसते. आणि चित्रीकरण संपून मंडळी पांगल्यावर, नट-नटींनी वेष उतरविल्यावर, ही उणीव ध्यानात येते. मग चित्रपटातीलच एखादी चौकट वेगळी काढून तिच्यावर भागविले जाते. आपले काम भागले असे निर्मात्याला वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र येथे एका साधनाच्या जागी दुसऱ्याच जातीचे साधन आलेले असते.

१

ही दोन साधने कोणती, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. चित्रपटाची चौकट ही फिल्मवरील एक प्रतिमा होय. बोलपटात दर सेकंदाला अशा २४ प्रतिमा घेतल्या जातात व प्रत्येकीला सामान्यतः सेकंदाचा सुमारे ४८ वा भाग एवढाच प्रकाशकाल मिळतो. त्यामुळे हलणाऱ्या हाताची किंवा वळणाऱ्या मानेची कड तिच्यात पुसट उमटते. पडद्यावर हा पुसटपणा गतीत विरून जातो. एकच चौकट कागदावर उतरविली की तो दोष म्हणून डोळ्यांत भरतो. शिवाय ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकटीची रुंदी जेमतेम २२ मिलिमीटर असते. ती मोठी करावी तसे फिल्मवरील कण दिसू लागतात.

निर्मितीकालीन स्थिरचित्र याहून निराळे असते. बोलपटाच्या काळात छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून दृश्य चित्रित झाल्यावर नटांना पुन्हा उभे करून, किंवा तालमीच्या वेळी, ही चित्रे घेण्याची पद्धत रूढ होती. मोठ्या निगेटिव्हवर घेतलेले हे चित्र रेखीव व तपशीलवार येते. दाराची नक्षी, लुगड्याचा काठ, भिंतीवरील तसबीर सारे त्यात वाचता येते. परंतु त्याचा दृष्टिकोन चित्रपटाच्या कॅमेऱ्याचा नसतो. तो कॅमेऱ्याच्या शेजारून किंवा मागून घेतलेला असतो. प्रकाशयोजना कित्येकदा बदललेली असते. आणि ज्या दृश्याचे चित्र आपल्या हाती आहे ते दृश्य संकलनात गाळलेले असणेही शक्य असते. थोडक्यात, स्थिरचित्र चित्रीकरणाची साक्ष देते, चौकट चित्रपटाची साक्ष देते.

२

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे नष्ट चित्रपटांच्या पुनर्रचनेच्या दोन प्रयत्नांवरून दिसून येईल. सर्गेई आयझेन्स्टाइन यांच्या 'बेझिन मेडो' या चित्रपटाचे काम १९३५ मध्ये सुरू झाले व १९३७ मध्ये सोव्हिएत चित्रपटखात्याच्या हुकुमाने ते थांबविण्यात आले. मूळ फिल्म पुढे नाहीशी झाली. परंतु निरनिराळ्या शॉटमधून कापून ठेवलेल्या चौकटी आयझेन्स्टाइन यांच्या पत्नी पेरा अताशेवा यांनी जतन केल्या होत्या. १९६० नंतरच्या दशकात सर्गेई युत्केविच व नाउम क्लाइमन यांनी त्या चौकटी क्रमाने लावून, प्रोकोफिएव्ह यांच्या संगीताची जोड देऊन, सुमारे अर्ध्या तासाचा एक लघुपट सिद्ध केला. त्यात गती नाही. पण प्रत्येक चित्राची मांडणी दिग्दर्शकाची स्वतःची आहे.

दुसरे उदाहरण 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) या अमेरिकन मूकपटाचे. त्याचीही प्रत उरलेली नाही. २००२ मध्ये रिक श्मिडलिन यांनी त्याची जी पुनर्रचना केली ती निर्मितीकालीन स्थिरचित्रांवर आधारलेली होती. या पुनर्रचनेतून लॉन चेनी यांची रंगभूषा, नेपथ्य आणि कथेचा ओघ यांची उत्तम कल्पना येते. कोणता शॉट किती जवळून घेतला होता, कोणत्या शॉटवर कोणता शॉट जोडला होता, हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही. दोन्ही प्रयत्न आदरणीय आहेत; परंतु त्यांच्यापासून काढावयाची अनुमाने सारखी नाहीत. आयझेन्स्टाइन यांच्या दृश्यरचनेविषयी पहिल्याच्या आधारे बोलता येते. टॉड ब्राउनिंग यांच्या दृश्यरचनेविषयी दुसऱ्याच्या आधारे बोलणे धाडसाचे ठरेल.

आपल्याकडील परिस्थिती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे दर्शन आपणांस स्थिरचित्रे व जाहिरातींतूनच घडते. भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे हाती उरले आहेत. १९६४ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फिल्मबरोबरच स्थिरचित्रे, भित्तिपत्रके व गीतपुस्तिका जमविण्याचे धोरण ठेवले, ते किती दूरदर्शीपणाचे होते हे २००३ च्या जानेवारीत कळून आले. त्या महिन्यात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या, आवारात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. अशा प्रसंगी कागदावरील चित्र हे फिल्मचे वारस ठरते. मात्र वारसाने मूळ पुरुषाची सही करू नये, एवढी दक्षता अभ्यासकाने घ्यावयास हवी.

चित्रामागील दिनांकाचे मोलही येथेच सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची म्हणून जी रिळे उपलब्ध आहेत ती वस्तुतः त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही संशोधकांचे प्रतिपादन आहे. अशा वादात निर्णय लागतो तो चित्राच्या सौंदर्यावरून नव्हे, तर ते केव्हा घेतले याच्या नोंदीवरून.

३

येथवर स्थिरचित्राचा विचार नष्ट चित्रपटाचा अवशेष म्हणून झाला. पण चित्रपट पुरा होण्यापूर्वीही स्थिरचित्र इतिहास घडविते, याचे ठळक उदाहरण 'पथेर पांचाली' हे होय. सत्यजित राय यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये या चित्रपटाचे चित्रीकरण आरंभिले. ते स्वतः एका जाहिरातसंस्थेत चित्रकार होते; त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चलच्चित्राचा कॅमेरा हाताळलेला नव्हता, त्यांचा अनुभव स्थिर छायाचित्रणाचा होता. पैशाअभावी काम वारंवार खोळंबत होते. अशा स्थितीत १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचे मन्रो व्हीलर भारतीय कलेच्या प्रदर्शनाच्या तयारीसाठी कलकत्त्यास आले. त्यांनी अपुऱ्या चित्रपटाची काही स्थिरचित्रे पाहिली आणि तेवढ्यावरून हा चित्रपट आपल्या प्रदर्शनाच्या वेळी दाखविण्याची इच्छा व्यक्त केली. पुढे त्यांच्या सूचनेवरून जॉन ह्यूस्टन यांनी कलकत्त्याच्या भेटीत चित्रपटाचा कच्चा भाग पाहून अनुकूल मत दिले. पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने काम पुरे झाले आणि ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कला त्याचा पहिला खेळ झाला. कलकत्त्यात तो त्यानंतर, ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला. १९५६ मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून त्याचा गौरव झाला.

चित्रपटाची गुणवत्ता स्थिरचित्रांनी निर्माण केली, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु गुणवत्ता पाहावयास कोणी यावे लागते, आणि ते आमंत्रण या चित्रांनी दिले. व्हीलर यांनी चित्रपट पाहिला नव्हता. त्यांनी चित्रपटाविषयी केलेले एक विधान पाहिले होते. ते विधान खरे निघाले, म्हणून इतिहासात त्याला स्थान मिळाले. महोत्सवाच्या निवडसमितीपुढे जाणारे प्रत्येक स्थिरचित्र याच प्रकारचे विधान असते. आणि म्हणून त्याच्याविषयी प्रामाणिकपणाचा प्रश्न उत्पन्न होतो. चित्रपटात नसलेले, केवळ आकर्षक म्हणून उभे केलेले चित्र पाठविणे हे जाहिरातीच्या दृष्टीने क्षम्य असेल. पण तेच चित्र उद्या पुस्तकात छापले जाते आणि पुरावा म्हणून उद्धृत होते.

४

या विवेचनावरून अभ्यासकापुरते दोन नियम निष्पन्न होतात. पहिला : ग्रंथात छापलेल्या प्रत्येक चित्राखाली ते चौकट आहे की निर्मितीकालीन स्थिरचित्र, हे नमूद करावे. दुसरा : चित्रचौकटीची मांडणी, दृष्टिकोन व प्रकाश यांविषयीचे विधान केवळ चौकटीच्या आधारेच करावे, वेषभूषा, नेपथ्य व निर्मितीची पद्धती यांसाठी स्थिरचित्र हे अधिक समृद्ध साधन मानावे.

लघुपटकारांच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण त्यांच्या कृतींच्या प्रती थोड्या निघतात आणि लवकर हरवतात. अंकीय कॅमेऱ्यामुळे चौकट वेगळी काढणे आता सोपे झाले आहे. तथापि १९२० बिंदू रुंदीची चौकट इंचास ३०० बिंदू या छपाईच्या प्रमाणाने जेमतेम ६.४ इंच रुंद छापता येते, आणि हालचालीचा पुसटपणा पूर्वीसारखाच राहतो. म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी, दृश्य संपल्यावर नटांना क्षणभर थांबवून, वेगळ्या कॅमेऱ्याने चार चित्रे घ्यावीत आणि त्यांजवर दिनांक, स्थळ, दृश्यक्रम व छायाचित्रकाराचे नाव लिहून ठेवावे. याला खर्च फार नाही. महोत्सवासाठी त्यांतील दोन चित्रे उपयोगी पडतील. उरलेल्यांचा उपयोग कोणाला होईल हे आज सांगता येत नाही. पण 'आलम आरा'च्या सेटवर कॅमेरा रोखणाऱ्या छायाचित्रकारालाही आपले चित्र त्या बोलपटापेक्षा अधिक काळ टिकेल अशी कल्पना असण्याचे कारण नव्हते.