खाल्लेले अंगी लागते का?

आजऱ्यात पावसाने एकदा बैठक मारली की आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते आणि रानातले, गोठ्यातले पाणी ओढ्याविहिरींकडे धाव घेते. अशा दिवसांत पोट बिघडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. पेज आणि ताक घेतले की माणूस चार दिवसांत कामाला लागतो. एखाद्याचे पोट मात्र थाऱ्यावर येतच नाही. महिने जातात, तोंड येते, जीभ सोलवटते, शौचाला पातळ आणि तेलकट होते, अंगावरचे मांस उतरते. घरची माणसे म्हणतात, ‘खातो तर चांगला, पण अंगी लागत नाही.’ जुनी माणसे या दुखण्याला संग्रहणी म्हणत.

हे ‘अंगी लागणे’ मोजायचे कसे, याचा इतिहास आज आपण पाहू या.

दुखणे जुनेच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय असून त्यात ताकाची थोरवी सांगितली आहे. पाश्चात्त्य वैद्यकात विल्यम हिलरी यांनी १७५९ मध्ये बार्बाडोस बेटावरील अशाच विकाराचे वर्णन केले. पुढे १८८० मध्ये चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी जावामधील डच लोकांचा शब्द उचलून त्याला ‘स्प्रू’ हे नाव रूढ केले. दुसऱ्या महायुद्धात भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील सैनिकही या दुखण्याने हैराण झाले होते.

नाव मिळाले, तरी आतड्यात नेमके काय बिघडले हे बाहेरून कळत नव्हते. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केसर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. संग्रहणीत हे केसर आखूड होतात. मग अन्न येते तसे पुढे जाते.

इथे साखर मदतीला आली. झायलोज ही मूळची लाकडात सापडलेली साखर. ती लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषली जाते, शरीर तिचा फारसा उपयोग करीत नाही आणि बराच भाग लघवीतून बाहेर पडतो. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेन्सन आणि सहकाऱ्यांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. उपाशीपोटी २५ ग्रॅम झायलोज पाण्यातून द्यायचे आणि पाच तासांची लघवी जमवायची. तीत चार-पाच ग्रॅम साखर उतरली तर आतडे ठीक. फारच कमी उतरली तर शोषण्यात खोट. एवढ्या डोसाने काहींना मळमळते, म्हणून आपल्याकडे ५ ग्रॅमचा डोसही वापरात आला.

मुंबईत १९६० च्या दशकात डॉ. जीजीभॉय, डॉ. देसाई आणि डॉ. अँटिया यांनी या विकाराचा कसून अभ्यास केला. वेल्लोरला डॉ. बेकर आणि डॉ. माथन यांनी दक्षिणेतल्या खेड्यांत पसरलेल्या संग्रहणीच्या साथींचा माग काढला. फॉलिक ॲसिड आणि टेट्रासायक्लिन यांनी अनेक रुग्ण सुधारू लागले.

पण या तपासणीने एक अवघड प्रश्न उभा केला. ज्यांना काहीच होत नव्हते, अशा धडधाकट गावकऱ्यांचेही झायलोज कमी उतरत होते. त्यांच्या आतड्यातले केसरही पाश्चात्त्यांपेक्षा आखूड दिसत होते. मग हा वंशाचा फरक समजायचा काय? लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, राहिलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांची आतडी तपासली. तीही तशीच झाली होती. उलट, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी लोकांची आतडी काही वर्षांत सुधारत गेल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, परिसराचा होता. ज्याला आपण ‘आपली प्रकृतीच तशी’ म्हणत होतो, ती रोजच्या घाणेरड्या पाण्याची खूण होती.

झायलोजच्या तपासणीत एक उणीव होती. मूत्रपिंड मंद असले, रुग्णाला उलटी झाली किंवा लघवी नीट जमवली नाही, तर आकडा फसवतो. त्यावर उपाय म्हणून दोन साखरा एकदम देण्याची युक्ती निघाली. मॅनिटॉल किंवा ऱ्हॅम्नोज ही लहान रेणूची. ती केसरांच्या पेशींतून आत शिरते. दुसरी लॅक्टुलोज, बद्धकोष्ठावरच्या औषधातली. इंग्लंडच्या मेन्झीस यांनी १९७४ मध्ये तिचा या कामी उपयोग दाखवला. तिचा रेणू मोठा, म्हणून निरोगी आतडे तिला जवळजवळ अडवतेच. केसर झडले की लहान साखर कमी शिरते. पेशींमधल्या फटी रुंदावल्या की मोठी साखर जास्त झिरपते. दोघींचे प्रमाण काढले की इतर चुका बऱ्याच अंशी आपोआप वजा होतात, कारण त्या दोघींनाही सारख्याच लागू पडतात. घराची कौले शाबूत आहेत का आणि भिंतीला चिरा गेल्या आहेत का, हे एकाच पावसात कळावे, तसे हे झाले.

या तपासणीचे सर्वांत मोलाचे काम लहान मुलांच्या बाबतीत झाले. गांबियातील अर्भकांवरचा लन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांचे आतडे जास्त झिरपते, त्यांची वाढ खुंटते, असे त्यात दिसले. पोरगे जुलाबाने आजारी दिसत नसले, तरी आतून झिजत असते.

मग संडास बांधले, पाणी शुद्ध केले की झाले? इतके सोपे नाही. बांगलादेश आणि केनियातील मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये आले. तेवढ्या उपायांनी मुलांची उंची वाढल्याचे त्यांत दिसले नाही. घराघरातून थोडी स्वच्छता पुरेशी नसते, सारा परिसरच बदलावा लागतो, असे अनेक अभ्यासक मानतात.

आज दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासता येतो, त्यामुळे झायलोजची तपासणी मागे पडली आहे. अंगणवाडीतला वजनकाटा मात्र अजून आपल्या हाताशी आहे. घनसाळाचा मऊ भात पोटभर खाऊनही मूल वजनात भरत नसेल, तर आईला ‘नीट भरवत नाहीस’ म्हणून बोल लावू नका. आधी ते मूल पाणी कुठले पिते आणि कुठल्या अंगणात रांगते, ते पाहा. आणि त्याला डॉक्टरांना दाखवा.