गेलों होतों

सेनगावचा एखादा मुलगा बाजार करून घरीं येतो आणि सांगतो, "मी बाजारांत गेलों होतों." मराठी कानाला यांत खटकण्यासारखें कांहींच नाहीं. गेलों, काम उरकलें, परत आलों, एवढें सारें त्या 'होतों' मध्यें येऊन जातें. हेंच वाक्य तो वहींत 'आय हॅड गॉन' असें उतरवितो, आणि गुरुजी त्याखालीं तांबडी रेघ ओढतात. चूक कोठें झाली हें मुलाला उमगत नाहीं. कारण 'गेलों होतों' हा पूर्ण भूतकाळ, आणि 'हॅड गॉन' हाहि पूर्ण भूतकाळच, असें त्यानें पाठ केलेलें असतें. इंग्रजीचा हा काळ एकटा उभा राहत नाहीं. मागें घडलेल्या एका गोष्टीच्याहि आधीं दुसरी गोष्ट घडून चुकली होती, असें दाखवावयाचें असेल तेव्हांच तो येतो. नुसत्या बाजाराला 'वेंट' पुरे.

या घोटाळ्याचा दोष मुलाकडे नाहीं. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं सेरामपुरास छापलें गेलें, पण तें परकीयांच्या सोयीसाठीं होतें. मराठी मुलांच्या हातीं द्यावयाचें व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या पिढीपुढें एकीकडे पाणिनीची परंपरा होती आणि दुसरीकडे लिंडले मरे यांच्यासारख्यांचीं इंग्रजी पुस्तकें. दोहोंचा आधार घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें. दादोबांचें ऋण मोठें आहे, तें कोणीं नाकारूं नये. परंतु इंग्रजी काळांच्या चौकटींत मराठी रूपें बसविण्याची जी वहिवाट शाळांतून पुढें पडली, तिनें एक अनर्थ केला, असें आमचें मत आहे. नांव एक ठेवलें, आणि अर्थहि एकच आहे असें मुलांनीं धरलें. 'रीतिभूत' या नांवानें असा घोटाळा होत नाहीं; 'जाई', 'करी' या रूपांना तें आपल्याच भाषेच्या अंगानें शोभतें.

सेनगावच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें सरकारदरबारीं उर्दू चाले, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतून होतें. मराठी मुलाला ती भाषा लिपीनें परकी, पण भूतकाळानें सख्खी वाटावी अशी. 'मीं पोथी वाचली' आणि 'मैंने किताब पढ़ी' या दोहोंत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणें वळतें. इंग्रजींत पोथी वाचा कीं पत्र वाचा, क्रियापद ढिम्म हलत नाहीं. पुणें-मुंबईच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही पहिलीच परभाषा भेटे. येथल्या विद्यार्थ्याला ती बहुधा उर्दूच्या पाठीमागून भेटली.

मराठी भूतकाळ कर्माकडे कां वळतो याचें कारण जुनें आहे. संस्कृतांत भूतकाळाचीं तीन निरनिराळीं रूपें होतीं. प्राकृतांत तीं मावळत गेलीं, आणि त्यांची जागा धातुसाधितानें घेतली. 'मया लिखितम्', म्हणजे मजकडून लिहिलेलें, हाच आपल्या 'मीं लिहिलें' चा पूर्वज. श्रवणबेळगोळ येथील प्राचीन मराठी शिलालेखांतलें 'करवियलें' हें क्रियापद याच घडणीचें आहे. गंमत अशी, कीं इंग्रजांचा 'हॅव रिटन' हाहि अशाच वाटेनें आला. त्याचा मूळ भाव 'माझ्यापाशीं लिहिलेलें पत्र आहे' असा होता.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांतील या तालुक्याच्या गांवींहि तेव्हांपासून लहान मुलें 'गो, वेंट, गॉन' घोकूं लागलीं. 'गो' चें 'वेंट' कसें झालें, असें एखादें चौकस पोर विचारतें. 'वेंट' हें मुळीं 'गो' चें नव्हेच. 'वेंड' या दुसऱ्या धातूचें रूप त्याच्या घरीं राहावयास आलें. आपल्याकडे तरी दुसरें काय झालें? 'जा' हा संस्कृत 'या' पासून आला आणि 'गेला' हें 'गत' पासून. तें मात्र कोणा मुलाला घोकावें लागलें नाहीं.