बाळंतिणीची खाट आणि घड्याळाचे तास

बाळंत झालेल्या बाईने रुग्णालयात किती दिवस राहावे, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत दोन आठवड्यांवरून एका दिवसापर्यंत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रसूतिगृहांत बाळंतिणीला दहा ते चौदा दिवस खाटेवरून उतरू देत नसत. ही सक्तीची विश्रांती सुखाची होती, पण बिनधोक नव्हती. इतके दिवस पडून राहिल्याने पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि गर्दीच्या वॉर्डात जंतुसंसर्ग पसरे.

दुसऱ्या महायुद्धाने हा शिरस्ता मोडला. परिचारिका कमी पडल्या, खाटा अपुऱ्या झाल्या आणि बाळंतिणींना नाइलाजाने लवकर उठवून घरी धाडावे लागले. त्याने त्यांचे काही बिघडत नाही, उलट त्या लवकर हिंडूफिरू लागतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. युद्धानंतर जन्मांची लाट आल्यावर खाटांची ओढाताण कायमच राहिली.

लवकर घरी सोडण्याचा सुरुवातीचा एक विचारपूर्वक प्रयोग इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात झाला. तिथले प्रसूतितज्ज्ञ जी. डब्ल्यू. थिओबाल्ड यांनी 1959 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याची हकिगत मांडली. बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी जाई आणि पुढची देखभाल सरकारी सेवेतली सुईण घरी येऊन करी. खाट लवकर रिकामी होई, पण ओली बाळंतीण वाऱ्यावर सोडली जात नसे. या योजनेचे खरे मर्म सुईणीच्या त्या फेरीतच होते. पुढे अनेकांनी दिवस कमी करण्याचा भाग तेवढा उचलला आणि सुईणीला विसरले.

अमेरिकेत 1970 च्या दशकात लवकर घरी जाण्याची मागणी खुद्द स्त्रियांकडूनही आली. बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, बाळाला आईपासून दूर शिशुगृहात कशाला ठेवायचे, असे त्या विचारत होत्या. नंतर मात्र विमा कंपन्यांचा हिशेब पुढे आला. 1970 मध्ये नैसर्गिक प्रसूतीनंतरचा मुक्काम सरासरी 3.9 दिवस होता, तो 1992 मध्ये 2.1 दिवसांवर आला, सिझेरियननंतरचा 7.8 वरून 4 दिवसांवर. त्यानंतर तर काही कंपन्या 24 तासांपलीकडचा खर्च नाकारू लागल्या. गाडीतून न उतरता खिडकीतून खाद्यपदार्थ घेऊन निघून जावे तसे हे बाळंतपण, म्हणून लोकांनी त्याला ‘ड्राइव्ह-थ्रू डिलिव्हरी’ हे नाव दिले.

नवजात बाळाच्या शरीराला असली घाई मानवत नाही. आईला दूध भरून येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोचते. ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हृदयाचे काही जन्मजात दोषही पहिल्या काही दिवसांतच उघडे पडतात. पहिल्या दिवशी गुलाबी, गुटगुटीत दिसणारे मूल म्हणूनच फसवे असते.

घरी गेलेली बाळे दगावल्याच्या बातम्यांनी लोक संतापले. 1995 मध्ये मेरीलँड आणि न्यू जर्सी या राज्यांनी कायदे केले. पण स्वतःच्या निधीतून कर्मचाऱ्यांचा विमा चालवणाऱ्या कंपन्यांना राज्यांचे कायदे लागू होत नव्हते, त्यामुळे देशपातळीवरच्या कायद्याची गरज पडली. 26 सप्टेंबर 1996 रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. नैसर्गिक प्रसूतीनंतर 48 तास आणि सिझेरियननंतर 96 तासांचा मुक्काम विमा कंपनीला नाकारता येईना. आईने लवकर निघावे म्हणून तिला पैशांचे आमिष दाखवण्यासही बंदी आली. आईची इच्छा असेल तर डॉक्टर तिला आधी सोडू शकतात. मात्र घरी जाऊन तपासणी करणे या कायद्याने बंधनकारक केले नाही आणि हीच त्याची मोठी उणीव होय.

ती उणीव कशी भरता येते, हे गडचिरोलीने दाखवले. तिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. आरोग्यदूत घरी येई, बाळाला झोळीत घालून काट्यावर तोली, ताप मोजी, घड्याळ लावून श्वास मोजी. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोक्याची खूण. या गावांतला नवजात बालमृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे झपाट्याने दवाखान्यात होऊ लागली आणि गर्दीने भरलेल्या वॉर्डांतून लवकर घरी जाण्याचा प्रश्न इथेही उभा राहिला. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार, तसेच घरी पोचवणारी गाडी देऊ केली. त्याच वर्षी गडचिरोलीच्या धर्तीवर घरभेटींची योजना देशभर सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. या सहा भेटी पूर्ण केल्याबद्दल तिला 250 रुपये मोबदला ठरवण्यात आला.